न गंजणारी टिप

पुष्पलताला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठे महागूने ग्राइंडरचा कोपरा झाडायला घेतला. उद्या तिचं पुण्यस्मरण. घरी माणसं येणार, भन्तेजी येणार, आणि दुकान घराला लागूनच असल्यामुळे कोणी ना कोणी तिकडे डोकावणारच. जळमटं तशीच राहिली तर लोक म्हणतील, महागूने बायकोची जागा वाऱ्यावर सोडली.

बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीच्या रस्त्यावर महागूचं लेथचं दुकान. खाणीतल्या ट्रॉल्यांचे एक्सल, पंपाचे शाफ्ट, झिजलेले बुश, सगळं दुरुस्तीला याच रस्त्यावर येतं. मशीन महागू चालवायचा, आणि टूलला धार लावायचं काम पुष्पलताचं. ज्याने लेथ पाहिलेली नाही त्याला सांगायचं तर फिरत्या लोखंडाला कापते ती एक छोटी टिप असते. नखाएवढी, पोलादी दांड्याच्या टोकाला पितळेने झाळलेली. तिची धार गेली की तिला ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर धरून पुन्हा घासायचं. लग्न होऊन आली तेव्हा पुष्पलताला यातलं काही येत नव्हतं. पण महागूचा हात घाईचा. घासता घासता टिप तापवायचा आणि तडकवायचा. एक दिवस ती म्हणाली, "अजी, द्या इकडं. तुमच्यानं नाही होत हे." आणि स्टुलावर बसली ती बसलीच. पुढे सगळ्या रस्त्यावर म्हण पडली, काम महागूचं अन धार पुष्पाबाईची.

तिचा तोंडाला बांधायचा दुपट्टा अजून खिळ्यावर लटकत होता. महागूने त्याला हात लावला नाही. स्टूल सरकवलं, लोखंडाचा कीस झाडला, आणि ग्राइंडरच्या मागच्या खाचेत केरसुणी घातली तर पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा पुढे आला. झाकण नव्हतं. नेमकं त्याच्या वर छताच्या पत्र्याला भोक पडलेलं, त्यामुळे पावसाळाभर पाणी डब्यात ठिबकलं होतं. तळाशी गाळ, आणि गाळात दोन पाकिटं. दोन्ही हिरवी, दोन्हींवर पानाचं एकच चित्र.

मेव्हण्याची, कुशलची पाकिटं. महागूने लगेच ओळखलं.

एक फाडलं. आतल्या टिपा लालेलाल झाल्या होत्या, गंज बोटाला लागला. दुसरं फाडलं. त्यातल्या टिपा काळ्या, तुळतुळीत, जशा कालच आणल्या. पाकीट भिजून लिबलिबीत झालेलं, पण टिपांवर गंजाचा ठिपका नाही.

महागू दोन तळहातांवर दोन तऱ्हेच्या टिपा घेऊन उभा राहिला. एकाच डब्यात होत्या, एकाच पाण्यात. पाकिटावर नाव एक. कुशल म्हणाला होता की माल एकच, दुसरा फक्त सुधारलेला. तसं असेलही. महागूने मनाला समजावलं, डबा बाजूला ठेवला, पुन्हा झाडू लागला. दोन हात मारले आणि केरसुणी टाकून दिली.

त्याने गळ्यातला गमछा तोंडाला बांधला, ग्राइंडर चालू केला. एक गंजलेली टिप घेऊन चारी बाजूंनी घासून लख्ख केली. एक काळी टिप घेतली, तीही घासली. वरून काही थर दिलेला असेल तर तो निघून जावा, आतलं खरं अंग उघडं पडावं एवढाच हेतू. तिसरी एक जुनी टिप, कुशलचा माल येण्याच्या आधीची, खणातून काढली आणि तीही घासली. मग काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी केलं, तिघींना त्यात सोडलं आणि ग्लास खिडकीत ठेवला.

आता पाहू.

---

कुशल म्हणजे पुष्पलताचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून बहिणीच्या लग्नानंतर तोही तिच्या मागोमाग या घरी आला. इथेच वाढला, इथेच जेवला, महागूच्या लेथवरच हात काळे करून शिकला. महागू त्याला कधी साळा म्हणाला नाही, बाबूच म्हणायचा. मोठा झाल्यावर कुशलचं मन मशीनपाशी रमेना. तो नागपूरहून टूल आणून बालाघाट, बैहर, बिरसापर्यंतच्या दुकानांना विकायला लागला. तोंडाने गोड, पायाने चपळ. धंदा बसला.

मग पुष्पलताला धाप लागायला लागली. आधी पायऱ्या चढताना, मग बसल्या बसल्याही. गोंदियाला दाखवलं, तिथून नागपूरला. तिथल्या डॉक्टराने छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि विचारलं, "बाई काय काम करतात?" महागूने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, टिप घासताना जी धूळ उडते तिच्यात कोबाल्ट असतं. ते छातीत जाऊन बसतं. ही धूळ बंद करा.

परतीच्या वाटेवर पुष्पलता खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "धूळ बंद केली तं दुकान चालन कसं?"

कुशलने तेव्हा तिच्यापाशी बसून समजावलं होतं. त्याच्या बोलण्यात एवढी माया होती की महागूचेही डोळे भरले होते. "ताई, टिप कशी असते सांगू? मुरमुऱ्याच्या लाडूसारखी. मुरमुरे म्हंजे टंगस्टनचे दाने, अन गूळ म्हंजे कोबाल्ट. तो गूळच खराब हाय. आता एका कंपनीनं गूळ बदलला. कोबाल्टच्या जागी लोखंड टाकलं. दाने थेच, लाडू थोच, जहर नाही. मी आनतो तुह्यासाठी."

आणि त्याने आणली. पहिली हिरवी पाकिटं तीच. टिपेची धार जरा लवकर जायची, पण काम होत होतं. फक्त एक खोड. लोखंडाने बांधलेली म्हटल्यावर ती गंजायची. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री ठेवली की सकाळी लाल.

आता लेथवाल्याला गंजाचा किती राग असतो ते लेथवाल्यालाच ठाऊक. तो जेवायला उशीर करेल, पण संध्याकाळी मशीनवर तेलाचा हात फिरवल्याशिवाय घरी जाणार नाही. ज्याच्या टूलवर गंज दिसला तो कारागीर कसला, असं इथले लोक मानतात. समोरच्या दुकानातल्या प्रेमलालने तर पाकीट घेऊन भर रस्त्यात तमाशा केला. "अबे कुशल, हे टूल होय का जुना खिळा? नवी बायको आनली अन पह्यल्याच दिवशी दात पडले, असं झालं हे!" सगळे हसले. महागूही हसला. तोही म्हणाला, "बाबू, गंजते बा. काई तरी कर याचं."

एकट्या पुष्पलताची तक्रार नव्हती. ती रोज संध्याकाळी मोहाच्या बियांच्या तेलाची चिंधी घेऊन टिपा पुसायची. "अजी, एवढ्यासाठी बोंबलता का? तेल लावलं तं काय हात झडते तुमचा?"

पण पुसायला कोणाला वेळ होता? मग काही दिवसांनी कुशल हसत आला. कंपनीने माल सुधारला म्हणाला. गूळ तोच, लोखंडाचाच, पण आता गंजत नाही. पाकीट तेच. प्रेमलालने घेतली, बाकीच्यांनी घेतली. धारही जुन्यासारखी टिकायची. आणि माल निर्धोक म्हटल्यावर पुष्पलताने तोंडाचा दुपट्टा सोडून खिळ्याला लटकवला. इतक्या वर्षांत महागूने पहिल्यांदा तिचं पूर्ण तोंड चाकाच्या उजेडात पाहिलं होतं. मशीन चालवता चालवता तो मधूनच तिच्याकडे पाहायचा, आणि ती म्हणायची, "तिकडं पाहा, बोट जाईन."

प्रेमलालची बायको मंजूही तेव्हापासून उघड्या तोंडाने घासायला लागली. आजही घासते.

---

दुपार कलली तेव्हा महागूने ग्लास पाहिला. एका टिपेभोवती पाणी पिवळसर झालं होतं आणि तिच्या कडेला लाली धरली होती. बाकी दोघी जशा टाकल्या तशा. नवी म्हणून आलेली आणि जुनी, दोघी सख्ख्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

संध्याकाळी कुशलची गाडी दारात थांबली. मांडीवर मावेल एवढा खोका घेऊन तो उतरला आणि दुकानातूनच आत आला.

"जिजाजी, पाहा तं खरं काय आनलं!"

खोक्यातून त्याने एक पाकीट काढून महागूच्या हातात दिलं. हिरवंच, पण पानाच्या जागी पुष्पलताचा फोटो. लग्नातला नव्हे, नंतरचा, डोक्यावर पदर घेतलेला. खाली लिहिलेलं, पुष्पा टिप.

"कशी दिसते ताई? उद्या साऱ्या लोकायसमोर काढू. आता हीच चालन बैहरपावतर. मी दोन शब्द बोलीन, मंग तुमी बोला. जास्त नाही, एवढंच म्हना का आमच्या घरी हीच वापरतो. तुमचा शब्द म्हंजे मोहर, जिजाजी. तुमी म्हटलं तं कोनी दुसरं पाहातच नाही."

महागूने पाकीट खाली ठेवलं आणि खिडकीतला ग्लास उचलला. "हे पाहाय."

"काय होय? शरबत?"

"मिठाचं पानी. तीन टिपा हाय अंदर. गंजली थे कोनती, सांग."

कुशलने ग्लास उजेडाला धरला. ओठांवर हसू होतं ते तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. "पह्यल्या मालातली असन."

"अन ही?"

"ही नव्यातली. सुधारलेली. म्या सांगतलंच होतं ना तुमाले."

"घासून टाकली मी. वरचं सारं काढलं. अंदर लोखंड हाय म्हनतं, तं काहून नाही गंजत बाबू? अन ही तिसरी जुनी होय, कोबाल्टवाली. दोघीयचं एकच कसं?"

"जिजाजी, मिठाच्या पान्यानं काई समजते का? त्याची मशीन असते..."

"तुह्या बहिनीचा फोटो हाय समोर. खरं बोल."

कुशलने ग्लास परत महागूच्या हातात दिला. मागे सरकून तो स्टुलावर टेकायला गेला.

"त्या स्टुलावर नोको बसू," महागू म्हणाला.

तो उभाच राहिला. बराच वेळ खोक्याच्या कडेवरची पट्टी नखाने सोलत होता. मग एकदम आवाज चढवून बोलला, जणू त्याचंच कोणी वाईट केलं होतं. "मंग काय करतो मी? तुमीच सारे बोंबलत होते, गंजते, गंजते! प्रेमलालनं तं रस्त्यात इज्जत काढली माही. माल कोनी घेत नव्हतं. कंपनीनं बनवनंच सोडलं. माह्यापाशी छापलेली पाकिटं पडली, लोकायले शब्द देऊन बसलो. म्हटलं चांगला माल भेटेपर्यंत जुनाच भरून चालवू. थोडे दिवस."

"थोडे दिवस," महागू म्हणाला. "अन थे इथं तोंड उघडं टाकून बसत होती. तुह्या भरोशानं."

"मले वाटलं तिचं तं आधीच..." कुशल अडखळला. "डॉक्टरनं म्हटलंच होतं, बसलेली धूळ निघत नाही."

महागूचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. या पोराला त्याने लहानपणीही कधी मारलं नव्हतं. हात खाली आला तेव्हा कुशलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्याच ओल्या तोंडाने त्याने ते सांगितलं.

"ताईले मालूम होतं."

"काय?"

"तिले मालूम पडलं होतं. तिच्या हाताले समजलं. म्हने, पह्यलीवर तेल बसत होतं, हिच्यावर बसत नाही, चाकावरही जुनीसारखीच लागते. मले फोन करून बोलावलं. तुमी बिरसाले गेलते कामासाठी. लई रडली. मी पाय धरले. म्हटलं थोडा वेळ दे, बदलवून देतो. मंग म्हने, ह्याहीले नोको सांगू. सांगतलं तं तुले उंबऱ्यात उभं करनार नाही."

महागू ग्लास हातात घेऊन उभा होता. बाहेरून खाणीची पाळी सुटलेल्या लोकांच्या मोटारसायकली जात होत्या.

त्याला दुपट्टा आठवला. मधेच एकदा पुष्पलताने पुन्हा तोंडाला बांधायला सुरुवात केली होती. त्याने विचारलं, आता कायले? ती म्हणाली, थंडी वाजते. थंडी सरली, उन्हाळा आला, तरी दुपट्टा होताच. पुन्हा विचारलं तर म्हणाली, सवय पडली. त्याने मान्य केलं. बायकोच्या बोलण्यावर माणूस किती वेळा शंका घेणार?

"उद्या बोलू नोका, जिजाजी," कुशल हळू आवाजात म्हणाला. "माह्यावर येईन थे येऊ द्या, मी भोगीन. पन ताईवरही येईन. मंजू वहिनी समोर बसून उघड्या तोंडानं घासत होती, अन ताई पाहात होती. लोक काय म्हनतीन तिले? मेलेल्या मानसाले कायले..."

"जाय," महागू म्हणाला.

कुशल गेला. खोका तिथेच राहिला.

महागू तिच्या आजारपणातलं एकेक आठवत बसला. शेवटी शेवटी ती सगळं सांगत होती. लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर, निळी साडी कोणाला द्यायची, कोणाच्या घरचं पातेलं परत करायचं राहिलं. नळी लावलेल्या नाकाने, एका श्वासात दोन शब्द, असं सांगत होती. तिच्या एकेका शब्दासाठी तो कान तोंडाशी नेत होता. आणि एवढं सांगूनही हे सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "कुशलले सांभाळजा." त्याला वाटलं होतं बहिणीची माया. ती तर त्याला पहाऱ्यावर बसवून गेली होती, आणि कशाच्या पहाऱ्यावर ते त्याला कळूही दिलं नाही.

वर्षभर तो जिच्यासाठी रडला ती बाई आपल्याला ठाऊकच नव्हती की काय, असं त्याला वाटलं. कुशल परका होता असं मानून कदाचित जगता येईल. पुष्पाला परकी मानून कसं जगायचं?

---

सकाळी अंगणात चादरी अंथरल्या होत्या. पाटावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुष्पलताचा. मेणबत्त्या लागल्या. बायका-माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली. प्रेमलाल आणि मंजू पुढच्याच रांगेत होते. मंजू सकाळी एक तातडीचं काम उरकून आली होती. तोंड धुतलेलं, साडी बदललेली, तरी नाकपुड्यांच्या कडेला काळसर रेघ राहून गेली होती. महागूची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. पुष्पलताच्या तोंडावर ती रेघ तो ओल्या पदराने पुसायचा.

भन्तेजींनी त्रिशरण दिलं, मग पंचशील. ते एक ओळ म्हणत आणि सगळं अंगण मागून म्हणे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. कुशल सर्वांत पुढे हात जोडून बसला होता, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. अडखळला नाही, खाली पाहिलं नाही. महागूचं तोंड उघडलंच नाही. ती एक ओळ त्याच्याविना झाली.

मग आठवणी सांगायची वेळ आली. कुशल उठला. ताईने आईची जागा कशी घेतली ते त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. बायकांनी डोळे पुसले. "माही ताई धुळीनं गेली," तो म्हणाला. "आता या रोडवर कोनाचीच ताई धुळीनं जाऊ नये. म्हनून तिच्या नावानं..." आणि त्याने खिशातून पाकीट काढून वर धरलं. फोटो पाहून अंगण हळहळलं. प्रेमलाल म्हणाला, "वा रे वा, भाऊ असावा तं असा. महागूभाऊ, तुमी सांगा दोन शब्द."

महागू उठला. आत गेला. लोकांना वाटलं, त्याला रडू आवरेना. तो ग्लास घेऊन परत आला, आणि त्याला भाषण येत नसल्यामुळे सरळ मंजूकडे पाहून बोलला.

"मंजू, आजपासून तोंडाले बांध. घासनं बंदच कर सध्या. ह्या पाकिटात जुनाच माल हाय. कोबाल्टवाला."

कोणाला काही समजलं नाही. कुशल लगबगीने पुढे झाला. "जिजाजी दुखात हाय. रातभर झोपले नाहीत थे..."

"खाली बस," महागू म्हणाला. मग प्रेमलालच्या हातात ग्लास दिला. "ही गंजली थे खरी होय. आपन फेकली थे. ही नाही गंजली, थे खोटी होय, अन आपन खुशीनं घेतली. पाकीट थेच ठेवलं त्यानं, माल बदलवला. काल माह्यासमोर कबूल झाला."

प्रेमलाल ग्लासाकडे पाहत राहिला. मग कुशलकडे. "अबे, म्या खिळा म्हटलं तं तू जहर देल्लं? मजाक केली होती म्या! माही बायको रोज घासते, तिच्या मांडीवर लेकरू बसते घासताना!" तो अंगावर गेला. दोघातिघांनी त्याला धरलं. भन्तेजी शांत व्हा म्हणत होते. कुशल खाली मान घालून उभा होता, आणि त्याच्या हातातलं पाकीट कोणीतरी हिसकावून घेतलं.

गोंधळ जरा निवला तेव्हा मंजूने विचारलं. ती जागची हलली नव्हती. "भाऊ, तुमाले कवा मालूम पडलं?"

"काल."

"अन पुष्पाताईले?"

 महागूने फोटोकडे पाहिलं. नाही म्हणायला काय जात होतं? कुशलने तोंड उघडलं नसतं. दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. एका शब्दाने ती तशीच राहिली असती, जशी सगळ्यांच्या मनात होती, जशी कालपर्यंत त्याच्याही मनात होती. पण मंजूने विचारलं होतं, आणि तिच्या नाकाशी ती रेघ होती.

"हौ," महागू म्हणाला. "तिले मालूम होतं. भावासाठी चूप राह्यली. मलेही नाही सांगतलं."

मागे बसलेली एक म्हातारी "अगं माय" म्हणाली. मंजूने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मले एक बार दुपट्टा आनून देल्ला होता ताईनं," ती म्हणाली. "नवा. म्हने, बांधत जाय मंजू. म्या म्हटलं, कायले ताई, आता तं माल चांगला हाय, गरमी होते. तं काई बोलली नाही. पाहात राह्यली माह्याकडं."

"मंग?"

"मंग थो ठेवून चालली गेली." मंजू उठली. आवाज चढला नाही तिचा. "दुपट्टा द्याले आली भाऊ. एक शब्द नाही बोलली. मी काय कोनाची बहीन नव्हती?"

 मंजू पुष्पलताच्या फोटोला हात न जोडताच गेली. प्रेमलाल तिच्या मागे गेला. जेवणावळीचं वरण उकळत होतं, वांग्याची भाजी झाली होती. काही लोक जेवले, काही दोन घास खाऊन उठले. कुशल कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही. त्याच्याशी काही बोलायचं आहे असं महागूला वाटलंही नाही.

दुपारी अंगण रिकामं झालं. महागूने खोक्यातली सगळी पाकिटं काढली आणि एकेकावरून तिचा फोटो फाडून वेगळा केला. टिपा एका डब्यात ओतल्या आणि डब्याला झाकण लावलं. फोटोंचं काय करायचं ते मात्र त्याला सुचेना. फेकवतही नव्हते, पाहवतही नव्हते. शेवटी खणात उपडे घालून ठेवले.

संध्याकाळच्या सुमारास दुकानाच्या दारात मंजू आली. दुपट्ट्याने तोंड झाकलेलं, फक्त डोळे दिसत होते. दुपट्टा नवा होता, घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"भाऊ, थे गंजनारी हाय का अजून? उद्या एक शाफ्ट द्याचा हाय."

"थोड्याशा हाय. ने साऱ्या." त्याने लाल टिपा कागदात बांधून दिल्या, वर तेलाची बाटली. "पुसत जाय रोज."

ती मान हलवून निघून गेली. एक टिप त्याने आपल्यासाठी ठेवली होती. ती पितळेने दांड्याला झाळली आणि ग्राइंडरपाशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या स्टुलावर बसला. पुष्पलताचा दुपट्टा डोळ्यांसमोर खिळ्यावर होता. हात तिकडे गेला. थांबला.

मग त्याने गळ्यातला आपला गमछा सोडला, तोंडाला घट्ट बांधला आणि चाक चालू केलं.